लग्नाची तारीख ठरली, नांदायची कधी?

दिवाळीनंतर जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात वधू-वर मेळावा होता. परिचयाचा कार्यक्रम अर्ध्यावर आलेला असताना व्यासपीठावरचे एक ज्येष्ठ उभे राहिले आणि पुढच्या वर्षीपासून परदेशातली स्थळं मेळाव्यात घेऊ नयेत, अशी सूचना त्यांनी मांडली. ‘आपल्या मुलींचं वाटोळं होतंय,’ एवढंच कारण त्यांनी दिलं, पण आवाज कापत होता. लगेच खालून एक तरुण उठला. लग्नाला देशाच्या सीमा नसतात, आपल्याच गावच्या डॉक्टर कोटणीसांनी चिनी मुलीशी लग्न केलं, त्यांना कुणी अडवलं होतं का, असं तो म्हणाला. टाळ्या दोघांनाही पडल्या. मग पाऊण तास संस्कृती, संस्कार, स्वातंत्र्य, जागतिकीकरण सगळं झालं. त्या पाऊण तासात एकानेही विचारलं नाही की, लग्न लागल्यावर ही दोन माणसं एका घरात राहायला किती महिन्यांनी लागतात, आणि तोवर मुलगी कुठे असते?

मी वीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात कौटुंबिक प्रकरणं चालवते. त्या अनुभवावरून माझं मत पक्कं झालं आहे. परदेशी किंवा परदेशात राहणारा जोडीदार शोधण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते नांदायची तारीख न विचारता लग्नाची तारीख धरणं. आपल्याकडे सुपारी फोडताना याद्या होतात. कुणाकडचं जेवण, कुणाचे आहेर, कार्यालयाचा खर्च कुणी किती उचलायचा, हे सगळं कागदावर येतं आणि दोन्हीकडची माणसं खाली सह्या करतात. परदेशातलं स्थळ असेल, तर त्याच कागदावर व्हिसाचंही एक कलम हवं. मुलाचा तिकडचा कायदेशीर दर्जा काय, अर्ज कुठला करायचा, तो कधी करायचा, आणि निकाल येईपर्यंत मुलीने काय करायचं, एवढं त्या कलमात लिहिलेलं असावं.

‘मुलगा अमेरिकेत असतो’ हे वाक्य आपण पूर्ण माहिती असल्यासारखं ऐकतो. एकाच शहरात, एकाच कंपनीत काम करणारे तीन मुलगे घ्या. पहिला अमेरिकन नागरिक आहे. त्याच्या बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, तरी आधी त्याची याचिका मंजूर व्हावी लागते, मग कागदपत्रं, मग मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत. यात साधारण वर्षभर जातं, कधी त्याहून जास्त. दुसऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तो तिथला कायम रहिवासी आहे, नागरिक नाही. त्याच्या बायकोसाठी दरवर्षी ठरावीक व्हिसे असतात, रांग असते, आणि ती रांग कुठवर आली हे दर महिन्याला जाहीर होतं. तिसरा एच-१बी व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या परवानगीवर आहे. त्याची बायको एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर तुलनेने लवकर जाऊ शकते, पण गेल्यावर तिला नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापुढे गेला तरच, २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, तिला कामाचा परवाना मागता येतो. तिघांचा पगार सारखा आहे, घरं सारखी आहेत. मुलीच्या पुढच्या पाच वर्षांचं चित्र मात्र तिघांकडे तीन तऱ्हांचं आहे. आणि आपण बोलणीत विचारतो ते पगार आणि घर.

यातली सगळ्यात वाईट गफलत सांगते, कारण ती मी डोळ्यांसमोर पाहिली आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी, फार्मसी झालेली, पुण्यात चांगल्या नोकरीला. स्थळ आलं तेव्हा मुलाच्या ग्रीन कार्डाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकमताने ठरवलं की, कार्ड हातात पडू दे, मग बार उडवू. सगळ्यांना हा शहाणपणाचा निर्णय वाटला. कायदा नेमका उलटा आहे. मुलाला कायम वास्तव्य मिळण्याआधी लग्न झालेलं असेल, तर बायकोला त्याच्याच अर्जाच्या आधाराने कार्ड मागता येतं. कार्ड मिळाल्यानंतर लग्न झालं, तर नवी याचिका आणि नवी रांग. कार्ड आलं, पाच आठवड्यांनी थाटात लग्न झालं, आणि त्या पाच आठवड्यांनी तिची दोन वर्षं घेतली. नोकरी तिने लग्नाआधीच सोडली होती. मधल्या काळात ‘निदान टुरिस्ट व्हिसावर तरी जाऊन ये’ असं सगळे म्हणत होते. पण अमेरिकेचा कायदा तसा व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला आधी कायमचा राहायला निघालेला माणूस समजतो आणि तसं नाही हे त्यानेच पटवून द्यायचं असतं. जिच्या नावाने कायम वास्तव्याची याचिका चालू आहे, ती ते कसं पटवणार? या घरात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. माणसं सगळी चांगली होती. एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

आता त्या ज्येष्ठांच्या बाजूने जे खरं आहे ते मी मनापासून मान्य करते. लग्न करून, चार आठवड्यांची सुट्टी संपवून विमानात बसलेले आणि पुन्हा फोनही न उचलणारे नवरे मी पाहिले आहेत. परदेशातून एकतर्फी घटस्फोटाचा कागद आलेल्या मुली माझ्या ऑफिसात येऊन बसल्या आहेत. असा प्रत्येक कागद आपल्यावर बंधनकारक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे, पण ते सिद्ध करायला तिचीच वर्षं जातात. हा प्रश्न सोलापूरपुरता नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, आणि विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात अशा लग्नांची नोंदणी सक्तीची करावी अशी शिफारस केली. तेव्हा मुलींची काळजी करणाऱ्या माणसाला मी मागासलेला म्हणणार नाही.

पण मेळाव्याचं दार बंद केल्याने काय होईल? चारचौघांत, दोन्हीकडच्या मामा-काकांसमोर होणारी बोलणी बंद होतील, एवढंच. स्थळं यायची थांबणार नाहीत, ती मोबाइलवरून आणि एजंटांकडून येतील, जिथे मुलाच्या गावात चौकशी करायला कुणी ओळखीचं नसतं. शिवाय कुणी कुणाशी लग्न करू नये हे वरून ठरवण्याचा परिणाम काय होतो, हे आपल्या या भागाला नव्याने सांगायला नको. बाराव्या शतकात मंगळवेढ्याहून कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेलेल्या बिज्जल राजाच्या राज्यात चर्मकार हरळय्याच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लग्न झालं. त्या दोन बापांना त्यासाठी देहांत शासन झालं, असं परंपरा सांगते. आज आपण त्या बापांचं नाव आदराने घेतो. मुलीला सुरक्षित ठेवायचं म्हणून तिची निवडच काढून घेणं ही त्याच जुन्या रस्त्याची सुरुवात आहे, मग हेतू कितीही मायेचा असो.

त्या तरुणाचंही म्हणणं मला अर्धं पटतं. सरकारी खिडकीने दोन माणसांमधलं प्रेम मोजू नये, हे बरोबर आहे. मोजायला गेल्यावर काय होतं, हे लंडनच्या हीथ्रो विमानतळाने जानेवारी १९७९ मध्ये जगाला दाखवलं. लग्नासाठी तिथे उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची अधिकाऱ्यांनी कौमार्य चाचणी करवली. कारण काय? वाग्दत्त वधूला तेव्हा आधी परवाना काढावा लागत नव्हता, पत्नीला लागत होता आणि त्यासाठी दीर्घकाळ थांबावं लागे. ही बाई रांग चुकवण्यासाठी अविवाहित असल्याचं सांगते आहे, असा त्यांना संशय आला. पुढेही ब्रिटनमध्ये, तुमच्या लग्नाचा मुख्य हेतू तिथे स्थायिक होणं हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं, असा नियम होता. तो १९९७ मध्ये गेला. म्हणजे वेळ आणि रांग ही केवळ कारकुनी बाब नाही. रांगेच्या नियमांनी एका बाईच्या अंगाला हात लावला आहे.

पण कोटणीसांचं उदाहरण त्या तरुणाने घाईत घेतलं. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पाहिलेल्या कुणालाही हे कळेल. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. तिथली भाषा शिकले, युद्धाच्या धामधुमीत शस्त्रक्रिया करत राहिले. त्याच रुग्णालयात परिचारिका असलेल्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं ते १९४१ मध्ये, म्हणजे तिथे तीन वर्षं काढल्यावर. दोघं एकाच ठिकाणी राहत होते, एकच काम करत होते आणि एकच धोका अंगावर घेत होते. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. तो साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, डॉक्टर गेले. या संसाराला फार थोडे दिवस मिळाले, पण जेवढे मिळाले तेवढे दोघांनी एकत्र काढले. ‘आधी लग्न करू, एकत्र कधी राहायचं ते बघू’ याचं हे उदाहरण नाही. उलट, एकत्र राहणं आधी आणि लग्न नंतर, असा तो क्रम होता. कोटणीसांचं नाव घ्यायचं असेल, तर त्या तीन वर्षांचंही घ्यायला हवं.

एक आक्षेप मला बायकांकडूनच येतो, म्हणून तो मी जास्त गांभीर्याने घेते. ‘बोलणीत व्हिसा काढला तर मुलगी व्हिसासाठीच लग्न करतेय असं दिसतं.’ हा धाक खरा आहे. मुलीची आई हा प्रश्न ओठांवर येऊनही गिळते, कारण समोरच्यांनी ‘यांना मुलापेक्षा अमेरिका हवी’ असं म्हणू नये. पण विचार करा, मुलाचा पगार विचारला की मुलगी पैशासाठी लग्न करते असं कुणी म्हणत नाही, तो चौकसपणा ठरतो. मग आपल्या आयुष्याची दोन वर्षं कुठे जाणार हे विचारणं लोभ कसं? आणि हा प्रश्न टळत तर नाहीच. घरच्या बैठकीत विचारला नाही, तर तो मुंबईच्या खिडकीत परका अधिकारी विचारतो. कधी भेटलात, किती वेळा भेटलात, लग्नाला कोण होतं, त्याच्या भावाचं नाव काय? दोनदा भेटून ठरलेलं आपलं लग्न तिकडच्या अधिकाऱ्याला आधीच अपुरं वाटण्याची शक्यता असते. म्हणून साखरपुड्याची पत्रिका, कार्यालयाची पावती, रेल्वेची तिकिटं, दोन्हीकडच्या माणसांसह फोटो, हे सगळं जपून ठेवावं लागतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा होतो, लाखो माणसं तांदूळ हातात घेऊन उभी असतात, पण संमती कट्ट्यावर आधी संमतीचं वाचन होतं आणि मगच अक्षता पडतात. सगळ्यांसमोर, मोठ्याने, आधी. आपल्या गावाच्या सर्वांत मोठ्या लग्नाला ज्याची लाज वाटत नाही, त्याची आपल्या घरच्या लग्नाला का वाटावी?

‘पण वेळापत्रक सारखं बदलतं, कलम लिहून उपयोग काय?’ हाही आक्षेप आहे. बदलतं, हे खरं. म्हणून नेमकी तारीख लिहा असं मी म्हणतच नाही. पण पुष्कळ गोष्टी आजच माहीत असतात. ब्रिटिश नागरिकाला जोडीदार आणायचा असेल, तर एप्रिल २०२४ पासून किमान वार्षिक उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली आहे, आणि मुलीचा इथला पगार त्यात धरत नाहीत. मुलगा सत्तावीस हजार कमावत असेल आणि पुरेशी बचत नसेल, तर अर्ज का अडेल हे सुपारीच्या दिवशीच कळू शकतं. जर्मनीत नवऱ्याकडे जायला सर्वसाधारणपणे जर्मन भाषेची पहिली पायरी, ए-१, उत्तीर्ण व्हावी लागते; नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर असेल तर यातून सूट आहे. मग लग्न ठरल्याबरोबर मुलीने अभ्यास सुरू करायचा, की लग्नानंतर सासरी बसून? पुण्याला मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देता येते. अमेरिकन नागरिक मुलीला वाग्दत्त वधूच्या, म्हणजे के-१ व्हिसावर नेणार असेल, तर अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेली असावी लागतात, आणि तिथे उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न व्हावं लागतं. इथे थाटात विधिवत लग्न लावलं की तो व्हिसाच हातचा गेला, कारण ती आता वाग्दत्त उरत नाही. हे नियम गुप्त नाहीत. आपण ते विचारत नाही.

थांबण्याचा काळ वाचवण्यासाठी हल्ली एक पळवाट फार चालते. आधी नुसती नोंदणी करून दाखला काढायचा, अर्ज टाकायचा आणि विधी वर्षभराने करायचे. पालक मला सांगतात, ‘मॅडम, सध्या फक्त कागदावर.’ हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी ही झालेल्या लग्नाची असते, नोंदणीने लग्न होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात, विधीच झाले नव्हते म्हणून नोंदणीचा दाखला असूनही ते लग्न झालंच नाही, असा निर्णय दिला, आणि व्हिसासाठी आधी नोंदणी उरकण्याच्या प्रथेवर स्पष्ट शब्दांत नापसंती नोंदवली. विशेष विवाह कायद्याखाली केलं, तर विधींशिवायही लग्न पक्कं होतं, पण मग ते ‘फक्त कागदावर’ नसतं. त्या सहीपासून ती कायद्याने पत्नी आहे. पुढे बिनसलं तर घटस्फोटच घ्यावा लागतो, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो अर्ज सहसा करताही येत नाही.

उलट दिशेची लग्नं, म्हणजे परदेशी मुलगी किंवा मुलगा सोलापुरात येणं, यावर मेळाव्यात चकार शब्द निघाला नाही. तीही आता होतात, आणि तिथे रांग आपल्या बाजूची असते. विशेष विवाह कायदा १९५४ नुसार दोघांपैकी एकाने जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस, ती कार्यालयात लावायची, आक्षेपांसाठी पुन्हा ३० दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर नोटीस रद्द. तीस दिवसांचा पर्यटक ई-व्हिसा घेऊन आलेली मुलगी हे कसं पुरं करणार? लग्नानंतरही ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला इथे दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं व्हावी लागतात, आणि नागरिकत्वाच्या अर्जासाठी इथे सात वर्षांचं वास्तव्य लागतं. तिकडचे देश आपल्या मुलींना थांबवतात याचा राग येणाऱ्यांनी आपणही त्यांच्या मुलींना थांबवतो हे पाहावं. ती हा थांबण्याचा काळ आपल्या घरात, आपल्या भाषेत, आपल्या सासूसासऱ्यांत काढते. तिच्यासाठीही हेच कलम.

वाट पाहणं आपल्या बायकांना नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावी राहून संसार केले. सोलापूरच्या गिरण्यांत आणि मागांवर तेलंगणातून आलेल्या विणकरांपैकी कितीतरी आधी एकटे आले, खोली मिळाली की मग कुटुंब आणलं. ते सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. पण कोकणातल्या बाईला शिमगा कधी आणि गणपती कधी हे ठाऊक होतं. ती घरात तिची शेती, तिची गुरं, तिचं काम सांभाळत होती. आजच्या या मुलीला तारीखही नसते आणि कामही नसतं. ‘कधीही जावं लागेल’ म्हणून ती नोकरी धरत नाही, पुढचं शिक्षण घेत नाही, सासरी पाहुणीसारखी आणि माहेरी ओझ्यासारखी राहते. किराणा दुकानापर्यंत गेली तरी ‘अजून इथंच का गं?’ हे ऐकते. त्या फार्मसी झालेल्या मुलीने मला सांगितलं होतं की, एकटं राहण्यापेक्षा हा प्रश्न तिला जास्त बोचत होता, आणि ती संध्याकाळी बाहेर पडणंच बंद करून बसली होती. नोकरी सोडू नको, पासपोर्टवरचं नाव घाईने बदलू नको, एवढं जरी तिला कुणी साखरपुड्यात सांगितलं असतं, तरी ती दोन वर्षं तिची राहिली असती.

मेळाव्याच्या संयोजकांना मी नंतर जाऊन भेटले. त्यांच्या परिचय अर्जात रास, नक्षत्र, नाड, मंगळ, उंची, रंग, वार्षिक उत्पन्न, स्वतःचं घर, एवढे रकाने आहेत. परदेशातल्या स्थळांसाठी आणखी दोन टाका, अशी विनंती मी केली आणि ते जागेवरच लिहून दिले. पहिला: तिकडचा सध्याचा कायदेशीर दर्जा आणि तो कधीपासून. दुसरा: लग्नानंतर एकत्र राहायला लागणारा अंदाजे काळ, आणि त्या काळात जोडीदाराच्या नोकरी-शिक्षणाबद्दल दोघांचं काय ठरलं आहे. दुसऱ्या रकान्याला ओळी जास्त लागतील, असं अर्ज छापणारे म्हणाले. मी त्यांना मंगळाच्या रकान्यातली जागा घ्यायला सांगितली आहे.